सगळ्यात गप्प बसल्याचं बक्षीस

शनिवारच्या मराठी वर्गात अकरा वर्षं काढली की किस्से शोधावे लागत नाहीत. मांजर पाळलेल्या घरात केस जसे कपड्यांना चिकटतात, तसे ते चिकटून घरी येतात. घरी आले की मी ते आमच्या ह्यांना सांगते. ह्यांचं लक्ष नसलं तर पुण्याला बहिणीला फोन करते. तिनं फोन उचलला नाही तर बसस्टॉपवर जो भेटेल त्याला सांगते. माझ्या पोटात किस्सा राहत नाही, हे लंडनच्या हॅरोतल्या तमाम मराठी मंडळींना ठाऊक आहे. मला त्याचा अभिमान होता.

पण त्यातला एक मी सांगायला नको होता. तो सांगितला आणि सात वर्षांची एक मुलगी माझ्या वर्गात यायची बंद झाली. आज सांगते आहे ते तिच्या आईला विचारून. तर आधी वर्गाबद्दल.

आमचा वर्ग एका चर्चच्या हॉलमध्ये भरतो, दहा ते बारा. पंधरा मुलं, जवळजवळ सगळी इथेच जन्मलेली. शिकवायला मी, उषा. चाळीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासून रिटायर झाले. मदतीला नेने डॉक्टर, हाडांचे सर्जन, तेही रिटायर. मी मुलं आवडतात म्हणून येते. डॉक्टर म्हणतात, "मला घरी कोणी बोलू देत नाही, म्हणून मी येतो."

* * *

एकदा मी आकडे शिकवत होते. नव्व्याण्णव म्हणताना मुलांच्या जिभेच्या गाठी होतात, म्हणून मी एक युक्ती काढली.

"समजा घराला आग लागली. बंब बोलवायचाय. कुठला नंबर फिरवाल? मराठीत सांगा!"

मला हवा होता इथला नंबर, नऊशे नव्व्याण्णव. अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "नऊशे अकरा!"

जन्मल्यापासून हॅरोत राहणारी मुलं ही! ईशान म्हणून एक नऊ वर्षांचा आहे, वर्गातला वकील. तो उभा राहिला. "पण उषाआजी, टीव्हीवर सगळे नाईन-वन-वनच करतात!"

डॉक्टर मागून म्हणाले, "उत्तम. म्हणजे हॅरोत आग लागली की बंब न्यू जर्सीहून निघणार."

मी म्हटलं, बरं, आता पोलीस आले तर काय करायचं? पंधराच्या पंधरा मुलांनी हात वर केले. मी खूश झाले, सगळ्यांना उत्तर येतंय म्हणून! मग बघते तर प्रत्येकाचे दोन्ही हात वर. शरण आली होती सगळी.

हा किस्सा मी दोन आठवडे पुरवून सांगितला.

* * *

मुलांना कशाला नावं ठेवायची? आमचे हे रोज संध्याकाळी सात वाजता जेवणाचं ताट घेऊन अमेरिकन खुनांच्या मालिका बघतात. आयुष्यभर झुरळ मारायला मला हाक मारणारा हा माणूस! पण पडद्यावर रक्ताचं थारोळं असलं की ह्यांना कढी जास्त लागते.

मी गरम पोळी घेऊन बाहेर आले की विचारायचे, "आज किती खून?"

"दोनच. एपिसोड जरा स्लो आहे."

एकदा चुकून इथल्या बातम्या लागल्या. ट्यूब स्टेशनच्या बाहेर कोणावर तरी वार झाले होते, आमच्यापासून चार स्टेशनं पलीकडे. ह्यांनी घाईघाईनं चॅनल बदललं. "जेवताना कसलं हे भयंकर दाखवतात!" म्हणाले, आणि परत खून लावला.

यावरही मी खूप हसवलं लोकांना. माझी पोळी त्या मड्यांच्या शेजारी गरमागरम पोचत होती, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

* * *

मग झालं 'मारणे'.

फळ्यावर मी क्रियापद लिहिलं. ईशाननं वहीत त्यापुढे 'टू हिट, टू किल' असं लिहून घेतलं. मग मी वाक्यं द्यायला लागले. आईनं हाक मारली. बाबांनी गप्पा मारल्या. आजीनं मिठी मारली. मुलानं उडी मारली, शिट्टी मारली, मित्राकडे एक चक्कर मारली.

ईशानचं पेन थांबलं. "उषाआजी, मराठी लोक सगळं मारूनच करतो का?"

"म्हणून तर आपल्याला बंदुका लागत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "नुसत्या गप्पा मारून समोरचा आडवा होतो."

मी हसून हसून बेजार. पण वर्ग संपल्यावर खुर्च्या आवरताना डॉक्टरच म्हणाले, "उषाताई, आपण अमेरिकेला फार हसू नये. सुरीनं कापलेले कितीतरी हात मी इथे जोडलेत. शाळेतल्या मुलांचे."

मी 'हो ना' म्हटलं आणि सोडून दिलं. मला फळ्यावरचा विनोद घरी न्यायची घाई होती.

* * *

त्या 'मारणे'चं पुढे काय झालं ते ऐका. ईशानच्या शाळेत 'माझ्या घरची भाषा' असं पोस्टर करायला सांगितलं. पठ्ठ्यानं शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं. 'मम हिट्स मी फ्रॉम द किचन.' म्हणजे हाक. 'माय ग्रँडमा हिट्स मी एव्हरी मॉर्निंग.' म्हणजे मिठी. अर्थ लिहायचे होते, पण जागा संपली म्हणून ते पोस्टरच्या मागच्या बाजूला गेले.

पोस्टर भिंतीवर लागलं. दुपारी आईला शाळेतून फोन. ताबडतोब या, आणि ग्रँडमालाही आणा!

आजींना इंग्रजी येत नाही. सूनबाई व्याकरण समजावून घामाघूम झाल्या, हेडटीचरबाई फाइल उघडून बसलेल्या. शेवटी आजी उठल्या, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि बाईंना कडकडून मिठी मारली.

बाईंना सुटायला वेळ लागला. त्यांनी फाइल मिटली आणि ईशानला हळूच विचारलं, "एव्हरी मॉर्निंग?"

* * *

त्या सप्टेंबरात ईरा आली. वडिलांची अमेरिकेतून लंडनला बदली झाली होती आणि त्यांनी स्टॅनमोरला घर घेतलं होतं. आईचं नाव गौरी. ईरा सात वर्षांची, आणि मराठी आमच्या सगळ्या वर्गापेक्षा स्वच्छ. पहिल्या दिवशी ती सगळ्या खुर्च्यांभोवती फिरली आणि दार दिसेल अशी भिंतीला टेकलेली खुर्ची निवडली. मला वाटलं, लाजते आहे.

खरीखुरी अमेरिकन मुलगी वर्गात आली म्हणून पोरांना केवढी अपूर्वाई! ईशाननं मधल्या सुट्टीत उलटतपासणी घेतली.

"तू खरी बंदूक बघितली आहे का?"

"हो. दुकानात."

"दुकानात कुठे?"

"सायकलींच्या पुढे," ती म्हणाली आणि बिस्किट खायला लागली.

दोन आठवड्यांनी ती दंडाला पट्टी लावून आली. रेवा नावाची आमची पाच वर्षांची आहे, तिनं विचारलं काय झालं. ईरा म्हणाली, "काल मला शॉट मारला."

ईशानच्या तोंडून कसाबसा आवाज आला, "कोणी?"

"नर्सनं. आणि मग लॉलीपॉप दिलं."

इथे इंजेक्शनला मुलं 'जॅब' म्हणतात. शॉट म्हणजे त्यांना टीव्हीतला एकच माहीत. रेवा रडायलाच लागली. ईरानं तिला जवळ घेतलं आणि त्यानंतर दर शनिवारी तिच्याच शेजारी बसायला लागली.

हाही किस्सा मी सांगितला. ह्याला गौरीसुद्धा हसली होती. त्यामुळे मी जरा सैलावले असेन.

* * *

आता तो किस्सा, जो सांगायला नको होता.

ऑक्टोबरात एका शनिवारी हॉलची आगीची बेल वाजली. वरच्या मजल्यावर कोणाचा तरी टोस्ट जळला होता. बेल जुनी, खणखणणारी, एकदा लागली की थांबायचं नाव नाही. आम्ही मुलांना रांगेनं कारपार्कमध्ये नेलं. मी मोजली. चौदा. परत मोजली. चौदा. ईरा आणि रेवा नव्हत्या. त्या दिवशी ईरा धरून सोळा मुलं होती.

डॉक्टर दुखरे गुडघे विसरून आत धावले आणि मी त्यांच्या मागे. आमच्या हॉलचं दार उघडेना. आतून खुर्ची लावलेली. ढकलून आत गेलो तर दिवे बंद आणि हॉल रिकामा.

खुर्च्या ठेवायच्या कपाटात सापडल्या दोघी. ईरानं रेवाला मांडीत घेतलं होतं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला होता. मी दिवा लावला तशी तिनं मलाच दटावलं, "श्श! लाइट!"

"अगं बाई, आगीची बेल झाल्यावर कपाटात बसतात का?"

"ही आगीची नाही," ती कुजबुजली. "आमच्या तिकडच्या शाळेत आगीची बेल बोलते. ही बोलली नाही."

"मग ही कसली वाटली तुला?"

एवढं कसं समजत नाही, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. "माणूस आल्याची."

आणि मी हसले. देवाशपथ सांगते, जीव भांड्यात पडला होता, त्याचं हसू होतं ते. पण हसले मी. डॉक्टर हसले नाहीत. ते खाली जमिनीवर बसले आणि म्हणाले, "ईरा, कोणी नाही आलेलं. मी बघून आलोय." मगच तिनं रेवाच्या तोंडावरचा हात काढला.

* * *

मंडळाचा दिवाळी फराळ त्याच हॉलमध्ये होता. दीडशे माणसं, चिवड्याचा वास, सगळे नटूनथटून आलेले. कोणीतरी म्हणालं, "उषाताई, वर्गातलं काहीतरी सांगा ना!"

मी सांगितलं. नऊशे अकरा सांगितलं, मिठी सांगितली, लोक रंगात आले, आणि मग मी हे सांगितलं. नुसतं सांगितलं नाही. ओठांवर बोट ठेवून, डोळे मोठे करून, ईराच्या आवाजात "श्श! लाइट!" करून दाखवलं. कपाट कुठलं तेही बोटानं दाखवलं. 'माणूस आल्याची' च्या आधी तर मी दम खाऊन थांबले, चांगला हशा मिळावा म्हणून. मिळालाही. एकाला लाडवाचा ठसका लागला.

डॉक्टरांनी माझा दंड धरला तेव्हा मी मागे वळले. गौरी उभी होती. हातातल्या बशीत दोन चकल्या होत्या. आणि तिच्या ओढणीआड ईरा.

"काकू," गौरी म्हणाली, "नक्कल अगदी हुबेहूब केलीत."

पुढच्या शनिवारी भिंतीजवळची खुर्ची रिकामी. त्याच्या पुढच्याही. मी गौरीला मेसेज केले, तिनं ते वाचल्याचं दिसायचं, उत्तर यायचं नाही. रेवा दर शनिवारी विचारायची, "ईराताई कुठे?" मला दुसऱ्याच्या पोरीच्या भीतीवर टाळ्या घ्यायची लाज वाटली नव्हती. ती आता वाटायला लागली, आणि कुठे सांगायची सोयही नव्हती.

* * *

शेवटी मी स्टॅनमोरला गेले. डबा न्यावा की नको यावरच तासभर घालवला, आणि मोकळ्या हातानं गेले. दारातच म्हटलं, "गौरी, चुकलं माझं."

तिनं आत घेतलं, चहा टाकला. मी गप्प बसावं की नाही? पण नाही! मी विचारलं, "तिच्या शाळेत काही झालं होतं का गं?"

"काहीच नाही, काकू," गौरी म्हणाली. "कधीच काही झालं नाही. बंदूक घेऊन कोणी शाळेत शिरलं तर, त्याची नुसती प्रॅक्टिस असायची, ती चार वर्षांची असल्यापासून. लाइट बंद, दार बंद, कपाटात गप्प बसायचं. जो सगळ्यात गप्प बसेल त्याला स्टिकर. ईराला दर वेळी मिळायचं. मी ते फ्रिजवर लावायचे. सासूबाईंना व्हिडिओवर दाखवायचे. कौतुक करायचे हो मी!"

चहा उकळून शेगडीवर आला तरी ती तिथेच उभी होती. मीच उठून गॅस बंद केला.

ईरा जिन्यात बसली होती, कठड्याच्या गजांमधून आमच्याकडे बघत. मी वर बघून म्हटलं, "ईरा, मी तुला हसले, ते फार चुकलं. रागावलीस ना?"

तिनं मान हलवली. "हसलीस म्हणून नाही."

"मग?"

"तू जागा सांगितलीस," ती म्हणाली. "लपायची जागा कोणाला सांगायची नसते. आता सगळ्यांना माहिती आहे."

ईरा उठून वर गेली, आणि गौरी म्हणाली, "तिला यावंसं वाटलं तर आणीन. मी सांगणार नाही तिला."

घरी आले तर सात वाजले होते. ह्यांनी ताट वाढून घेतलं होतं आणि पडद्यावर कोणीतरी अंधारात कपाटाकडे चाललं होतं. मी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जेवायला लागले.

* * *

फेब्रुवारीत एका शनिवारी गौरीचा मेसेज आला. 'आज येतोय. अर्धाच तास. मी दारात थांबेन.'

ईरा आली, तिनं कपाटाकडे पाहिलं आणि भिंतीजवळच्या खुर्चीतही बसली नाही. उभीच राहिली. मी फळ्यावर काय लिहिलं होतं ते मलाच वाचता येईना. डॉक्टरांनी माझ्या हातातून खडू काढून घेतला.

"व्याकरण पुरे," ते म्हणाले. "आज लपंडाव. राज्य उषाताईंवर!"

इथल्या मुलांना लपंडाव म्हणजे लपायचं आणि सापडेपर्यंत बसायचं, एवढंच ठाऊक. मी आपल्याकडचा नियम सांगितला. माझ्या नजरेस न पडता मागून यायचं, माझ्या पाठीत धप्पा द्यायचा आणि 'धप्पा' असं ओरडायचं. मग सगळे सुटले आणि राज्य परत माझ्यावर.

एक हात वर झाला. ईराचा.

"लपल्यावर ओरडायचं?"

"हो. जेवढं मोठ्यानं जमेल तेवढं."

"आणि बाहेर यायचं? आपणहून?"

"तेच तर करायचं असतं."

तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भिंतीकडे तोंड करून शंभरपर्यंत मोजलं, वळले आणि एकेकाला हुडकलं. ईशान पडद्यामागे. रेवा टेबलाखाली, स्वतःचेच डोळे झाकून. बाकीचीही सापडली. ईरा नाही.

दहा मिनिटं झाली. गौरी दारात उभी, तिचा चेहरा मला बघवेना. राहिलं होतं फक्त ते कपाट. मी त्याच्यासमोर गेले, कडीवर हात ठेवला आणि माझ्याच्यानं ते उघडवेना. आत ती असली तर काय म्हणू मी तिला?

आणि पाठीत असा दणका बसला की कळ मस्तकात गेली!

"धप्पा!"

एवढ्याशा पोरीचा एवढा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. हॉल घुमला. वरच्या मजल्यावरून कोणीतरी काय झालं म्हणून डोकावलं. "धप्पा! धप्पा! धप्पा!" थांबेचना ती. मुलांनी नाचायला सुरुवात केली, रेवा तिच्या कमरेला लटकली.

"राज्य परत तुझ्यावर!" ईरा मला म्हणाली. धापा टाकत होती, गाल लाल झाले होते.

ईशानला राहवेना. "पण तू होतीस कुठे? आम्ही सगळीकडे बघितला! उषाआजी, ती कुठून आली? तू बघितलं?"

मी बघितलं होतं. दणका बसला तेव्हा माझी मान वळली होती, आणि ती जिथून निघाली ते झाकण, कशाचं ते विचारू नका, अजून हलत होतं. ईरा माझ्याकडे एकटक बघायला लागली.

"मला काय माहीत!" मी म्हटलं. "मी पाठमोरी होते."

आणि पटकन भिंतीकडे तोंड फिरवून मोजायला लागले. एक, दोन, तीन. मागे मुलांची पळापळ सुरू झाली. नेने डॉक्टर माझ्या बाजूला येऊन उभे राहिले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाले, "उषाताई, सावकाश. आज दोनशेपर्यंत मोजा."